कळकलेला पावसाळा

"मॅडम, ब्रेक दाबला की हॉर्न वाजतोय. आणि हॉर्न दाबला की पुढचा दिवा मिणमिणतोय. म्हशी बुजायला लागल्यात."

मागच्या आठवड्यात, सकाळी कॉलेजला निघताना आलेला हा फोन. पलीकडे कणकुंबीच्या जनावरांच्या दवाखान्यात नुकतीच रुजू झालेली डॉक्टर. धारवाडकडची मुलगी, कन्नडमधून बोलत होती. मीही कन्नडमधूनच उत्तर दिलं. वैताग कुठल्याही भाषेत बोलता येतो, एवढं बेळगावात राहून शिकलेय.

"अर्थिंग," मी म्हटलं. "बॅटरीची काळी तार सांगाड्याला जिथं आवळलीय, तो बोल्ट सोड."

"बघितला मॅडम. वरून एकदम स्वच्छ आहे."

"वरून स्वच्छ असणारच. सोडून खालून बघ."

थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज. पत्र्यावर, झाडांवर, चिखलावर, असा तीन पदरी. मग ती म्हणाली, "अय्यो."

मी मेकॅनिक नाही. पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना, केमिस्ट्री शिकवते. साधी स्कूटीसुद्धा मला गर्दीत चालवता येत नाही. तरीही पाऊस लागला की कणकुंबीहून फोन येतात, आणि मी हातातला डबा, खांद्यावरची पर्स सांभाळत कुणाला तरी सांगत राहते, की बोल्टखालचा रंग खरवड, लोखंड उघडं कर, मग तार आवळ आणि मग वरून व्हॅसलीन लाव. आधी नाही, मग. हा 'मग' लोकांना का कळत नाही, देव जाणे. आधीच व्हॅसलीन फासून मोकळे होतात आणि वर मलाच विचारतात, मॅडम, लावलं तरी काही फरक नाही!

हे सगळं लचांड माझ्या मागं लागलं ते तीन वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यामुळं. मिलिंदमुळं, असं मी बरेच दिवस म्हणत होते. पण ते खरं नाही.

मिलिंद माझा धाकटा भाऊ. आम्ही मूळचे निपाणीचे. आईनं तंबाखूच्या वखारीत पंचवीस-तीस वर्षं काढली. त्या धुरळ्यात शिंकत शिंकत तिनं एकीला एमएस्सी केलं आणि एकाला जनावरांचा डॉक्टर. आता आम्ही तिघं बेळगावात राहतो, म्हणजे तेव्हा राहत होतो. हल्ली मिलिंद बदली होऊन अथणीकडं गेलाय. तिथं पाऊस असा नाहीच, तिथं तो उन्हानं वैतागलेला असतो. पण त्या वर्षी तो कणकुंबीला होता. आठवडाभर तिथंच एका खोलीत राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा, तो कपड्यांचं ओलं बोचकं घेऊन.

बेळगावात पाऊस पडतो. कणकुंबीत तो मुक्कामाला येतो. डब्यातलं मीठ पाणी होतं, काड्यापेटी ओढून ओढून गुळगुळीत होते, वहीच्या पुठ्ठ्यावर लव उगवते. घातलेला शर्ट ओला, दोरीवरचा शर्ट ओला, ट्रंकेतला शर्टसुद्धा ओलाच. डांबरी रस्ता संपला की पुढं रानातून तांबड्या चिखलाची वाट, आणि त्या वाटेच्या टोकाला गवळी धनगरांच्या वाड्या. माणसं थोडी, म्हशी जास्त. मोटारसायकल त्या चिखलात लोळण घ्यायची, जीप रुतायची. पहिला पावसाळा मिलिंदनं चालून काढला. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये तो चोर्ल्याचा घाट उतरून गोव्यात गेला आणि टेम्पोत घालून एक जुनी एटीव्ही घेऊन आला. जाड्या टायरांची, चार चाकांची, मोटारसायकलीसारखं हँडल असलेली. आता ती त्या नव्या डॉक्टरकडं आहे.

"आक्का, लई भारी हाय बग. रुततच न्हाई. खड्ड्यात घाल, दगडावर घाल, वर येतीच."

रस्त्यावर चालवायला तिला परवानगी नाही, म्हणून डांबरी संपतं तिथं एका गोठ्याच्या वळचणीला तिची सोय झाली. चाकं फाकवून बसलेलं ते धूड बघून वाडीतल्या लोकांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, खेकडा.

मी बघायला गेले तेव्हा पहिला प्रश्न विचारला, "ही आधी काय करत होती?"

"समुद्रावर पर्यटकांस्नी फिरवायची."

"समुद्रावर?"

"वाळूवर गं."

"म्हणजे खाऱ्या पाण्यातनं."

"धुऊन दिलीया की त्यानं. चकाचक."

मी सीट उचललं. आत तारांचा जुडगा होता, त्यावर पिठासारखा पांढुरका थर. बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट. प्रयोगशाळेत एखाद्या मुलानं असं बोट चाटलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. पण तिथं मला राग आला होता आणि पुरावा हवा होता.

मिठाचा स्वभाव वाईट. ते एकटं बसत नाही. हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्या पाण्याला वीज वाहून न्यायला शिकवतं. मग तांबं, पितळ, कथिल, लोखंड, जे जे त्या ओलीत शेजारी शेजारी बसलंय त्यांच्यात देवघेव सुरू होते. एक धातू झिजतो, दुसरा मजेत राहतो. वर बॅटरी जोडलेली असली की विचारूच नका. गाडी उभी असली तरी आत काम चालू, सकाळ-संध्याकाळ. मी दर वर्षी फळ्यावर हे चित्र काढते, चंचुपात्र काढते, बाण दाखवते. त्या दिवशी चंचुपात्राच्या जागी सीट होतं, एवढाच फरक.

"मिलिंद, सगळे प्लग उघडून गोड्या पाण्यानं पुसून, वाळवून घे. आत्ता, ऊन आहे तोवर. आणि गाडी उभी असली की बॅटरीची काळी तार काढून ठेवत जा."

"आक्का, गाडी हाय ती. लोणच्याची बरणी न्हाई, ओला चमचा लागला की नासायला."

"मीठ आहे, पाणी आहे. बरणीच आहे ती."

तो हसला. मे महिनाभर खेकडा वाऱ्यासारखा धावला आणि मी खोटी पडले. खरं सांगायचं तर माझं म्हणणं खरं ठरायला पाऊस यावा, असं मला मनातून वाटायला लागलं होतं. शिकवण्याचा धंदा वाईट. आपलं बरोबर आलं की झालं, बाकी जग बुडालं तरी चालेल, अशी सवय लागते.

जून लागला आणि खेकड्याला झपाटलं. दिवा लावला की इंजिन बंद. किल्ली काढली तरी एक बारीक लाल लाईट चालूच. एकदा तर नुसतं हँडल वळवल्यावर हॉर्न जो सुरू झाला तो तार उपटेपर्यंत थांबेना. मिलिंद फोनवर सांगायचा आणि मी म्हणायची, "सांगितलं होतं." हे दोन शब्द मी त्या महिन्यात किती वेळा म्हटले असतील! आई एकदा करवादली, "त्येला जेवू दे की गं सुखानं. हॉर्न वाजतोय तर वाजू दे, जनावरं बाजूला हुतील."

बरं, सांगूनही ऐकेल तर तो मिलिंद कसला. वाटेवरून परत आला की खेकड्याला कोपऱ्या-कोपऱ्यात चिखल. मग हा पंपाची नळी घ्यायचा आणि तापलेल्या इंजिनावर गार पाण्याचा फवारा मारायचा.

"अरे, गरम प्लगवर गार पाणी मारलं की आतली हवा आकसते. आकसली की बाहेरचं पाणी आत ओढून घेते. आधी थंड होऊ दे. मग बादली आणि फडकं."

"तासभर थांबू व्हय? पलीकडं पेशंट थांबलेत."

त्याच्या पेशंटांना थांबता येत नाही हे खरं होतं, म्हणून मी आणखी चिडायची. वाडीतले लोक आपापली औषधं सुचवत. कुणी म्हणे डिझेलचं बोट फिरवा, कुणी बॅटरीला प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधून दिली. पिशवीच्या आत घाम धरून थेंब ओघळत होते. मिलिंदनं एक फवारणीचा डबा आणला. सकाळी मारला की दुपारपर्यंत गाडी शहाणी, संध्याकाळी परत येडी. आणि मी बेळगावात बसून वह्या तपासताना, लाल पेन हातात धरून, सगळ्यांना मनातल्या मनात नापास करत होते.

जून संपत आला तेव्हा खेकडा एकदा चालता चालता मेला. मिलिंदनं बसूअण्णांना बोलावलं. बसूअण्णा बेळगावातले, शहापूरकडं त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं लहानसं दुकान. जाड चष्मा, तोंडात लवंग, बोलणं मोजकं. घरचे कन्नड, मराठी बाजारात शिकलेली, पण आपल्यापेक्षा गोड. कणकुंबीला येऊन त्यांनी एक कुजलेला जोड तोडला, तारेची टोकं लालसर चकचकीत दिसेपर्यंत मागं कापली, नवी तार डाग देऊन जोडली, वरून एक बारीक नळी सरकवून ती गरम केली. नळी आकसून तारेला चामडीसारखी बसली.

"बाकीचे प्लग पण एकेक उघडून बघायला पाहिजे ओ, डॉक्टर," जाताना ते म्हणाले. "मीठ हाय आत. पुढच्या रविवारी येतो."

पुढचा रविवार! मला एवढा धीर असता तर काय हवं होतं.

शनिवारी अर्धा दिवस कॉलेज. सुटल्यावर मी थेट खडेबाजारात गेले. एका हार्डवेअरच्या दुकानात म्हटलं, "पाणी शिरू नये असं काहीतरी द्या." त्यानं एक नळी दिली. बेसिनच्या कडेला, खिडकीच्या काचेला लावतात ती, पिळली की रबरासारखी पेस्ट येते. "एकदम पॅक बसतंय मॅडम. थेंब जाणार नाही." काळी टेप, जुना दात घासायचा ब्रश, एवढं पर्समध्ये टाकून मी कणकुंबीची बस धरली.

मिलिंद दवाखान्यात होता. मी एकटीच गोठ्याच्या वळचणीला उकिडवी बसले. सीटमागं एक मोठा प्लग होता, इंजिनाच्या सगळ्या तारा तिथं एकत्र यायच्या. तो उघडला, घासला, फुंकर मारली. बाहेर पाऊस आणि हवाच ओली, फुंकरीनं काय वाळणार होतं? पण मला तेव्हा तसं वाटलं नाही. मग नळी पिळून एकेका पिनेभोवती पेस्ट गच्च भरली, प्लग दाबून बसवला आणि वरून टेपचे सात-आठ वेढे दिले. वास उग्र होता, डोळ्यांत पाणी आलं. नवीन वस्तूला वास असायचाच, असं म्हणून मी नाक पुसलं. परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला, तरी मला काही सुचलं नाही. मी खुशीत होते. बसूअण्णांना बसमधूनच फोन केला, "रविवारी येऊ नका. मी करून टाकलंय."

"काय लावलं बाई?"

"पाणी शिरणारच नाही असं."

ते म्हणाले, "बरं."

त्या 'बरं'ला मी होकार समजले.

पुढचे दोन आठवडे खेकडा सुतासारखा सरळ. मी घरात मिरवले. मिलिंदही म्हणाला, "आक्का, मानलं बग तुला." आईला मी सांगितलं की शिक्षणाचा असा उपयोग असतो. आई पापड उन्हाअभावी मऊ पडलेत म्हणून चुलीवर शेकत राहिली.

मग तो जुलैचा दिवस. पाच दिवस पावसाची उघडीप नव्हती. सकाळी आठच्या सुमारास वाडीहून एक जण भिजत दवाखान्यात आला. गंगूमावशीची म्हैस पहाटेपासून कळा देतेय, पण पुढं काहीच होत नाही. गंगूमावशी म्हणजे वाडीच्या अगदी टोकाच्या घरातली एकटी बाई. नवरा वारलेला, लेक लग्न होऊन खाली गोव्यात. तिच्या दारात एक आटलेली म्हैस, दोन रेडकं आणि ही चंद्री. दूध म्हणायचं ते आता चंद्रीवरच होतं. ती व्यायली की सुरू होणार होतं.

मिलिंदनं बॅग घेतली, खेकडा काढला. वाडी सहा-सात किलोमीटर. एरवी अर्धा तास. पहिलं किलोमीटरभर गेला आणि खेकडा बंद. हॉर्न नाही, दिवा नाही, किल्ली फिरवली तर टिक्‌सुद्धा नाही. तिथं त्या पावसात त्यानं पाऊण तास घालवला. फ्यूज काढून बघितला, बॅटरीचे स्क्रू आवळले, फवारणीचा डबा रिकामा केला. टेपच्या बोळ्याला हात लावला नाही, कारण तो आक्कानं बांधला होता, तो पक्का होता. शेवटी बॅग डोक्यावर घेऊन चालत निघाला. वाट चढाची, पाय मागं घसरणारी. दोन तास लागले.

म्हशीच्या गर्भपिशवीला पीळ पडला होता. अशा वेळी म्हशीला आडवी पाडून, पोटावर फळी दाबून लोळवतात आणि पीळ सोडवतात. चार माणसं बोलावून त्यानं लोळवलं. पीळ सुटला, पण रेडकू आत कधीच गेलं होतं. दुपारी तीनच्या सुमारास चंद्रीही गेली.

संध्याकाळच्या बसनं मिलिंद घरी आला. आईनं पाणी तापवून ठेवलं होतं. तो मोरीत बसून हात धूत राहिला. कोपरापर्यंत साबण लावायचा, धुवायचा, परत लावायचा.

"काय झालं रं?" आईनं विचारलं.

"म्हस गेली, आई."

आई त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. आणि मी काय विचारलं? मी विचारलं, "खेकडा कशानं बंद पडला?"

हा प्रश्न मला अजून अधूनमधून ऐकू येतो. वर्गात फळा पुसताना, भाजी निवडताना. माझ्याच आवाजात.

"मला न्हाई म्हाईत, आक्का," तो म्हणाला. मान वर न करता.

"बसूअण्णांचा जोड गेला असणार. दुसरं काय." आणि तिथल्या तिथं मी त्यांना फोन लावला. काय बोलले ते सगळं लिहायचा धीर नाही. तुमच्या हलगर्जीपणापायी एका गरीब बाईची म्हैस गेली, एवढं तर नक्कीच बोलले. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, "रविवारी येतो. तुम्ही पण या बाई."

रविवारी आम्ही तिघं वळचणीला जमलो. वाडीतल्या लोकांनी खेकडा ढकलत आणून ठेवला होता. बसूअण्णांनी आधी स्वतःचा जोड तपासला. त्यांच्याकडं दोन तारा लावलेला एक साधा बल्ब होता, तो एका टोकाला टेकवला, दुसऱ्या टोकाला टेकवला. दोन्हीकडं लख्ख लागला. मग बल्ब सीटमागं, माझ्या टेपच्या बोळ्याच्या अलीकडं लावला. लागला. पलीकडं लावला. नाही लागला.

त्यांनी पातं काढून टेप चिरली, तेव्हा आतून तांबूस पाण्याची धार निघाली. चमचाभर तरी असेल. बाहेरचं पाणी आत जाऊ नये म्हणून मी टेप बांधली होती आणि आतली ओल बाहेर पडायची वाटच बंद केली होती. खाली एखादं भोक, एखादी फट ठेवली असती तरी ते थेंब निघून गेले असते. मग त्यांनी ते पांढरं रबर कापलं. आतल्या पिना हिरव्या-निळ्या, मोरचुदाच्या खड्यांसारख्या. एकीला नख लागलं तर ती मोडून त्यांच्या तळहातावर पडली.

"बाई," रबराचा तुकडा माझ्यापुढं धरून ते म्हणाले, "वास घ्या."

घ्यायची गरज नव्हती. व्हिनेगर. ही पेस्ट सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडते. तांबं, ॲसिड, हवा आणि जोडीला समुद्राचं मीठ. ही समीकरणं मी दर वर्षी शिकवते, पाच मार्कांना विचारते. उत्तर चुकलं तर मुलांना म्हणते, "अरे, नाक नावाची वस्तू देवानं कशाला दिलीय?" बसमध्ये शेजारच्या बाईला कळलं होतं. मला नाही.

"हे बेसिनला ठीक हाय ओ," बसूअण्णा म्हणाले. "तांब्याला नाही. वायरीचं वेगळं येतं." बस, एवढंच. एक शब्द जास्त नाही. त्यांनी मला फोनवरच्या माझ्या आवाजात झाडलं असतं तर बरं झालं असतं.

"अण्णा, मी फोनवर..."

"ते ऱ्हाऊ दे. ब्रश धरा."

मिलिंद उंबऱ्याशी उभा राहून पावसाकडं बघत होता. मला तो काय म्हणतो ऐकायचं होतं.

दुपारपर्यंत मी बसूअण्णांच्या हाताखाली काम केलं. प्लग एकेक करून उघडायचा, साफ करायच्या द्रवानं धुवायचा. मग केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मारायची, तीसुद्धा हाताला सोसेल इतकीच. वाळलं का, असं मी विचारलं की ते म्हणायचे, "अजून." पुन्हा विचारलं की, "अजून." खरोखर कोरडं झाल्यावर वायरीसाठीचं ग्रीस, तेही भाकरीला तूप लावावं तेवढंच, कडेच्या रबराला नीट. मोडका प्लग काढून नवा घातला. तारांना खाली झोळ दिला, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगकडं न जाता झोळाच्या टोकाला येऊन ठिबकेल. टेप कुठंच नाही. सांगाड्याच्या बोल्टखालचा रंग खरवडताना मी विचारलं, "अण्णा, रंग काढला तर गंजणार नाही?"

"आधी लोखंडाला तार भेटू दे," ते म्हणाले. "मग दोघांवर पांघरूण घाला."

तोच तो 'मग'. मी आता फोनवर लोकांवर खेकसते तो माझा नाहीच, त्यांचा आहे. ते मात्र खेकसले नव्हते.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती ज्वारीचं पीठ मळत होती. हात थांबले. म्हणाली, "तांब्याच्या भांड्यात ताक ठिवलं तर कळकतंय. एवढं मला वखारीतल्या बाईला कळतंय. तू तर एमेश्शी." आणि भाकरी थापायला लागली. पहिली भाकरी माझ्याच ताटात पडली, पण माझ्याच्यानं खाववली नाही.

या पावसाळ्याबद्दल मी बराच विचार केलाय. मिलिंद गाडी धुवायचा चुकीची, पण तो चुकतोय हे त्याला निदान ऐकून माहीत होतं. मी चुकतेय हे मला कुणी सांगितलंच नाही, कारण सांगायला मी जागाच ठेवली नव्हती. सगळीकडून गच्च बंद. मिलिंदनं त्या पावसात माझ्या बोळ्याला हात लावला असता, तर कदाचित त्याला तो तोडून दोन तारा थेट जोडता आल्या असत्या. तो शहाणा आहे, त्याला सुचलं असतं. पण महिनाभर मी घरात असा काही धाक घातला होता की माझी गाठ सोडायचं त्याच्या मनातही आलं नाही.

पुढच्या रविवारी मी म्हटलं, "मला गंगूमावशीकडं ने."

"कशाला? काय सांगणार तिला? तारांचं तिला काय कळतंय?"

"न कळू दे. चूक कुणाची ते तिला कळायला पाहिजे."

तो खेकडा काढायला गेला. मागं बसून मी पहिल्यांदाच त्या वाटेनं गेले. चिखल अंगावर उडत होता, कारवीची ओली पानं तोंडावर आपटत होती. खेकडा एकदाही अडखळला नाही आणि त्याचं मला काडीइतकंही बरं वाटत नव्हतं. चढावर मिलिंद मान न वळवता म्हणाला, "आक्का, येळेत पोचलो असतो तरी वाचली असती असं न्हाई."

"पण वाचली असती असंही असेल."

चढ संपल्यावर तो म्हणाला, "व्हय. असंल बी."

गंगूमावशी दारात बसून शेणाची पाटी धूत होती. बारीक अंगाची, डोक्यावर गोणपाटाची खोळ. मिलिंदला बघून उठली. मी सगळं सांगितलं. गाडी माझ्यामुळं बंद पडली, डॉक्टरला उशीर झाला तो माझ्यामुळं. पेस्ट, प्लग, पाणी. सांगताना मला माझंच बोलणं वर्गातल्यासारखं वाटायला लागलं आणि मी मध्येच थांबले.

मावशीनं पाटी उपडी घातली. "डॉक्टर चालत आलता," ती म्हणाली. "मांडीपतोर चिकूल. ते मी बगितलं. तुज्या तारांचं मला काय करायचं?"

"मावशी, चूक माझी..."

"असंल. तू सांगितलंस म्हणून चंद्री माघारी याची न्हाई." आवाजात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. गोठ्याकडं तिनं बघितलं. मीही बघितलं. एक दावं भिंतीच्या खुंटीला गुंडाळून ठेवलेलं होतं. "बस खाली. उभी किती ऱ्हाशील?"

ती आत गेली. चूल फुंकल्याचा आवाज, धूर, मग गुळाचा वास. दोन कप घेऊन बाहेर आली, एक मिलिंदला, एक मला.

"दूध न्हाई घरात," ती म्हणाली. "कोराच हाय."

मिलिंदनं कप हातात घेतला तोच ती म्हणाली, "ते बारकं रेडकू सकाळपासनं वैरण खाईना बग रं. पोट बग जरा त्येचं." मिलिंदनं कप जोत्यावर ठेवला आणि बॅग घेऊन गोठ्यात गेला. मीही उठायला लागले. मावशीनं हातानंच खाली बसवलं.

"तू कुटं? च्या पी आदी."

ती समोर बसली आणि मी पिईपर्यंत तिथून हलली नाही. मी तो काळा, कडक, गुळाचा चहा एकेक घोट करत प्याले. कप रिकामा झाल्यावर तो तिनं माझ्या हातातून घेतला, विसळला आणि पालथा घातला.